रकाना क्रमांक अकरा

कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती
दि. ५ डिसेंबर २०२४

आदरणीय सोपानतात्या यांस,
वल्लरीचा साष्टांग नमस्कार.

आपणांस पत्र लिहिण्याचे धाडस करावे की नाही, या विचारात माझे तीन दिवस गेले. एका दुपारची ओळख. तीही आपण चहा दिलात आणि मी प्रश्न विचारले एवढीच. तेवढ्या आधारावर वडीलधाऱ्या माणसाचा वेळ पुन्हा मागणे हा आगाऊपणा आहे, हे मला कळते. तरीही लिहिते आहे. क्षमा असावी.

सोमवारी नरसिंहपूरच्या वाटेवरील आपल्या गुऱ्हाळावर वही घेऊन आलेली, वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गातली मुलगी ती मी. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतली जी चिक्कीची कंपनी आपला गूळ घेते, ती दर वर्षी प्रत्येक पुरवठादाराकडून एक तक्ता भरून घेते: पाणी किती, जळण कोणते, धूर किती, रसायने किती. त्यावरून पर्यावरणाचे शंभरपैकी गुण ठरतात. हा तक्ता भरणाऱ्या बारा माणसांशी सविस्तर बोलावे आणि भरताना त्यांच्या मनात काय चालते ते समजून घ्यावे, असा माझ्या प्रबंधाचा विषय आहे.

घरी येऊन ध्वनिमुद्रण ऐकले. चरकाची घरघर, काकूंच्या भांड्यांचा आवाज आणि अधूनमधून आपण. चौदा प्रश्नांपैकी तेरा प्रश्नांची उत्तरे मिळाली. अकराव्याचे मिळाले नाही. ‘गुळातील रसायनांचे प्रमाण कमी करण्यासाठी आपण कोणते उपाय केले?’ हा प्रश्न मी तीन वेळा विचारला. पहिल्यांदा आपण हसलात. दुसऱ्यांदा म्हणालात, “चहा घे आधी, गार हुईल.” तिसऱ्यांदा आपण काकूंना हाक मारलीत, “अगं, हिला भेली बांधून दे.” ती गुळाची भेली आईने डब्यात ठेवली आहे. रंगाने काळसर आहे, पण घरात सर्वांना फार आवडली.

कंपनीच्या तक्त्यातही आपला अकरावा रकाना कोराच आहे, असे आपणच सांगितलेत. त्यामुळे गेल्या वर्षी बावन्न गुण पडले. साठांच्या खाली असणाऱ्यांना यादीतून काढतात. आपल्याला मिळालेली एका वर्षाची सवलत येत्या फेब्रुवारीत संपते. “यादीतनं नाव गेलं तर गुऱ्हाळ मोडायचं आन ऊस कारखान्याला घालायचा,” हे आपले वाक्य मुद्रणात स्वच्छ ऐकू येते. असे असूनही रकाना कोरा का, हे मला उमगलेले नाही. आमच्या शिस्तीप्रमाणे संशोधकाने उत्तराचा तर्क करायचा नसतो, विचारायचे असते. समोर बसून पुन्हा विचारण्याचे धैर्य माझ्यात नाही आणि फोनवर माझा आवाजच फुटत नाही. म्हणून पत्ता लिहिलेली, तिकिटे लावलेली पाकिटे सोबत जोडली आहेत.

आपले नाव प्रबंधात कोठेही येणार नाही. आपला उल्लेख ‘पुरवठादार क्र. ७’ असा राहील.

आपली नम्र,
वल्लरी


नरसिंहपूर, ता. इंदापूर
ता. १२ डिसेंबर

चि. वल्लरीस सोपानतात्याचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं चरकापाशी आणून दिलं तवा समदी गडी काम टाकून भवतीनं गोळा झाली. म्हनली, तात्या, कोर्टाचं हाय का? म्हनलं, न्हाय, कोऱ्हाळ्याच्या मास्तरीणबाईचं हाय. कुनाचा इस्वास बसंना.

आधी एक भांडान. मला सात नंबर का दिलास? हितं पाच गावांत माझा गूळ पयला धरत्यात. आसू दे.

आता अकराव्याचं. काहिलीत रस उकळताना पांढरी पावडर टाकली की गूळ पिवळाधमक व्हतो आन गिऱ्हाईक रंगाला भुलतं. आमी ती कधीच टाकली न्हाय. आमच्यात रानभेंडी हाय. तुझी काकू जयवंता बांधाला लावती, तिचं खोड ठेचून पान्यात चोळती, त्यो चिकट रस काहिलीत वतला की मळी आपसूक वर येती. गूळ काळपट व्हतो, पर साफ व्हतो. माझ्या आईपास्नं ह्येच चाललंय. मग कमी काय केलं म्हनून लिहू? जे घरात कधी आणलंच न्हाय, ते कमी कसं करायचं?

शेजारचं आप्पासाहेब दोन डबं वापरायचं, आता एक वापरत्यात. त्यांला अकराव्यात वीसपैकी वीस. वर कंपनीनं हिरवं सर्टिफिकेट दिलंय, ते काचंत घालून भिंतीला लावलंय. येता-जाता मला म्हनत्यात, “काय सोपानराव, यंदा बी कोरा कागद का?” ऐकून घ्यावं लागतं.

तू तिसऱ्यांदा इचारलंस तवा तुझं डोळं भरल्यागत झालं व्हतं. मला काय सुचंना, म्हनून जयवंताला हाक मारली.

तू शिकलेली हायस. ह्या रकान्याचं गणित काय हाय ते उलगडून लिही. आन ह्ये बी लिही, माझा अकरावा कोरा ऱ्हायला तर तुझं किती मार्क जात्यात?

सोपान


कोऱ्हाळे बुद्रुक
दि. १८ डिसेंबर २०२४

आदरणीय तात्या यांस,
साष्टांग नमस्कार.

आपले पत्र मी चार वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी अधिकच गोंधळले. ज्यांनी कधीच रसायन वापरले नाही त्यांना शून्य, आणि ज्यांनी निम्मे कमी केले त्यांना वीस, हे मला चुकीचे दिसते. परंतु ‘चुकीचे दिसते’ असे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, हेही कळत नाही. माझ्या मार्गदर्शिका इंदिरा मॅडम म्हणतात, “तू न्यायाधीश नाहीस. ऐक आणि लिहून घे.”

म्हणून काल कंपनीचे खरेदी अधिकारी राजवर्धन यांची मुलाखत घेताना हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. अर्थात आपले नाव न घेता. ते म्हणाले, “शून्यातून टक्के निघत नाहीत हो. तक्ता परदेशी ग्राहकाने दिलेला आहे. कॉम्प्युटर आधारवर्षाचा आकडा मागतो. तो नसला की गुण शून्य धरतो. मी तरी काय करणार?”

आपण गणित उलगडून मागितलेत, ते असे. समजा, एखाद्याने पहिल्या वर्षी दहा किलो पावडर वापरली. त्या वर्षाला आधारवर्ष म्हणतात. दुसऱ्या वर्षी त्याने पाच किलो वापरली, तर घट पन्नास टक्के झाली, आणि पन्नास टक्के किंवा अधिक घट असेल तर वीसपैकी वीस गुण मिळतात. आधारवर्ष असल्यावाचून घट मोजता येत नाही. आपला रकाना कोरा राहण्याचे कारण एवढेच आहे.

आपण काय करावे हे मात्र मी सांगू शकत नाही. तसा सल्ला देण्याची मला परवानगी नाही.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपली नम्र,
वल्लरी


नरसिंहपूर
ता. २ जानेवारी

चि. वल्लरीस आशीर्वाद.

समदं ध्येनात आलं. तुला उघड सांगता येत न्हाय, ह्ये बी ध्येनात आलं. कचेरीतला मानूस बी असाच म्हनतो, “मी तुमाला काय बी सांगितलं न्हाय बरं का,” आन मग समदं सांगतो. तू काळजी करू नगंस. तुझं नाव कुठं बी येनार न्हाय. मी तुला नंबर देतो, एक.

आधारवर्ष धरलं.

बारामतीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ भेली दिली हाय. रंग बघ. आप्पासाहेब परवा काहिलीपाशी येऊन बघत ऱ्हायलं हुबं. जयवंता चार दिस झालं बोलंना झालीया. बोलंल.

तुझा अकरावा आता कोरा ऱ्हात न्हाय.

सोपान


कोऱ्हाळे बुद्रुक
दि. ८ जानेवारी २०२५

आदरणीय तात्या यांस,
साष्टांग नमस्कार.

भेली पोहोचली. कंडक्टरकाकांनी ती स्वतः माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “सोन्याचा गोळा दिसतोय की.” खरोखरच तशी दिसते. आईला रंग फार आवडला. वडिलांनी कडेचा खडा तोंडात टाकला, थोडा वेळ चघळला आणि उठून बाहेर गेले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “आधीचा आहे का अजून?”

उसाची जात बदलली आहे काय? की पाणी बदलले? आपल्या पत्रातील ‘आधारवर्ष धरलं’ या दोन शब्दांचा अर्थ मला लागत नाही. आधारवर्ष हे तक्त्यातले असते. ते गुऱ्हाळात कसे धरतात, हे मी जाणून घेऊ इच्छिते. ‘याविषयी आपण अधिक काही सांगू शकाल का?’ असा प्रश्न आम्हांला शिकवलेला आहे. तोच आपणांस विचारते. मला नंबर एक का दिलात, हेही समजले नाही. मी पुरवठादार नाही.

संक्रांतीच्या आगाऊ शुभेच्छा.

आपली नम्र,
वल्लरी


नरसिंहपूर
१५ जानेवारी

वल्लरीस जयवंताकाकूचा आशीर्वाद.

माझी शाळा चौथीची, चुकलं-माकलं समजून घे. ह्यांला ठावं न्हाय मी लिवतीय. तुझ्या पाकिटांतलं एक घेतलं हाय.

तू इचारलंस, उसाची जात बदलली का. जात न्हाय बदलली बाई, मानसाची मती बदलली. तुझी चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्या दिशी हे आप्पासाहेबांसंगं गेलं आन पावडरीचा डबा घेऊन आलं. धा किलो. म्यां म्हनलं, एवढी कशाला? तर म्हनं, चिठ्ठीत धाच लिवलंय. यंदा धा घालायची, पुढल्या साली पाच, मग वीसपैकी वीस. तुझी चिठ्ठी बंडीच्या खिशात असती. दिसाला एक घाना पावडरीचा काढत्यात. चिठ्ठी बघत्यात, मापानं टाकत्यात, परत खिशात घालत्यात. औषध दिल्यागत.

धूर असा उठतो की गडी तोंडाला फडकं बांधून हुबं ऱ्हात्यात. माझी निम्मी भेंडी बांधाला वाळून काठ्या झालीया. कुनी तोडना.

त्यो पिवळा गूळ मी घरात येऊ दिला न्हाय. निराळ्या कोपऱ्यात रचाय लावलाय. कालचं तिळगूळ जुन्या काळ्या ढेपंचं केलं. ह्यांनी दोन खाल्लं आन म्हनं, झ्याक झालंत. म्यां म्हनलं, व्हय, आधारवर्षाच्या आधीचं हायत.

म्हैनाअखेरीला कंपनीचा टेम्पो येनार. तवर काय ते कर. माझं ऐकत न्हाईत. भेंडीचं समदं मी करती, लावती मी, ठेचती मी, काहिलीत किती वतायचा ते बी मीच बघती, पर मला कुनी काय इचारत न्हाय. कंपनीवाल्यानं न्हाय इचारलं. तू बी न्हाय. तुझं ते ऐकत्यात. तू लिव.

जयवंता


कोऱ्हाळे बुद्रुक
दि. १९ जानेवारी २०२५

आदरणीय तात्या यांस,
साष्टांग नमस्कार.

कृपया पावडर टाकणे आजच थांबवावे.

ही ओळ लिहिल्यानंतर मी संशोधक राहत नाही, असे आमचे पुस्तक सांगते. तरी ती पहिली लिहिली आहे, म्हणजे पुढचे वाचले नाही तरी चालेल.

मी आपणांस सल्ला दिला नव्हता. ‘समजा’ असे म्हणून एक उदाहरण दिले होते. दहा आणि पाच हे आकडे मी भागाकार सोपा व्हावा म्हणून घेतले. ‘हे केवळ उदाहरण आहे’ असे वाक्य कच्च्या मसुद्यात होते. ते पाठ्यपुस्तकासारखे वाटले म्हणून मीच खोडले. ‘मला परवानगी नाही’ हे मी अगदी खरेच लिहिले होते. त्यात दुसरा काही अर्थ असू शकतो, हे मला सुचलेही नाही. शाळेत निबंधाला मला पहिला क्रमांक मिळत असे. मी लिहिलेल्या वाक्याचा वाचणाऱ्याने काय अर्थ घेतला, हे मला आजवर कोणी विचारले नव्हते.

इंदिरा मॅडमना सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारले, “म्हणजे तू प्रश्न विचारलास आणि माणूस बदलला?” मी होय म्हटले. ज्याच्यावर संशोधकाचा प्रभाव पडला त्याची मुलाखत धरता येत नाही. आपली बाद केली तर माझ्याकडे अकराच उरतात, आणि बारा हव्यातच. प्रबंध देण्याची मुदत दहा फेब्रुवारीला सायंकाळी पाच वाजता संपते. हा पत्रव्यवहार परिशिष्टात जोडलाच नाही तर बारा पूर्ण होतात. हे मॅडमनी सुचवलेले नाही. ते मला सुचले, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

एक विचारावेसे वाटते. आपण पंचावन्न वर्षे ज्या गुळात काही मिसळले नाही, त्यात माझ्यासारख्या मुलीच्या चिठ्ठीवरून मिसळायला कसे तयार झालात? यादीची भीती एवढी होती का?

आपली अपराधी,
वल्लरी


नरसिंहपूर
ता. २८ जानेवारी

चि. वल्लरीस आशीर्वाद.

तुझं पत्र बावीसला आलं. खरं सांगतो, पयल्यांदा राग आला. आधी गणित घालायचं आन मग म्हनायचं, गणित खोटं. दोन दिस तसाच बसलो. पर पावडर त्याच घटकेला बंद केली. तुझ्या पयल्या ओळीवर. डबा निम्मा झाला व्हता, पाच किलो उरली. बघ, तुझा आकडा बरोबर आला, पर उलटा.

पिवळा गूळ टेम्पोत घातला न्हाय. अठ्ठावीस डिसेंबरपास्नंच्या पंचवीस घान्यांचा हाय. खड्डा काढून मातीत घातला. गडी म्हनली, तात्या, येड लागलं का? म्हनलं, व्हय, मधी लागलं व्हतं.

तू इचारलंस, यादीची भीती व्हती का. व्हती. पर यादीसाठी मी रंग बदलला नसता गं. गेल्या वर्सी बी यादी व्हतीच की. खरं सांगू का? तू तीनदा इचारलंस, वही अशी पुढं धरून. चौदा खानं, तेरा भरल्यालं, एक मोकळं. मी इचारलं तुला चिठ्ठीत, किती मार्क जात्यात म्हनून. तू त्याचं उत्तर दिलंच न्हाईस. मी समजलो, लई जात असतील, पोरगी लाजाळू, सांगत न्हाय. आमच्या गुऱ्हाळावर आल्यालं मानूस मोकळ्या हातानं परत जात न्हाय. तुला भेली दिली, पर तुला पायजे व्हतं ते दिलं न्हाय, ह्ये मनात ऱ्हायलं. मग ते तयार केलं.

आता हसू नगंस.

राजवर्धनसाहेबाला माझं नाव सांग. सात नंबर काढून टाक. पावडरीचं बी सांग, कायबी झाकू नगंस. तक्ता भरायचा ऱ्हायलाय, त्यात अकराव्यात काय लिहायचं ते आता मलाच कळंना. “कधीच न्हाय” म्हनत आलो, ते बी आता खोटं झालं.

जयवंता बोलाय लागली. पयलं वाक्य काय बोलली ते लिहीत न्हाय.

सोपान


बारामती
दि. १० फेब्रुवारी २०२५

आदरणीय सोपानतात्या आणि जयवंताकाकू यांस,
वल्लरीचा साष्टांग नमस्कार.

आपल्या त्या प्रश्नाचे उत्तर दोन महिने उशिरा देते आहे. रकाना कोरा राहिल्याने माझा एकही गुण जाणार नव्हता. उलट, आमच्या विषयात कोऱ्या रकान्यालाही उत्तरच मानतात. हे एक वाक्य मी अठरा डिसेंबरला लिहिले असते तर डबा आलाच नसता. आपला प्रश्न मी तेव्हा वाचला होता. तो माझ्या प्रश्नावलीत नव्हता, म्हणून सोडून दिला. उत्तरे देणारा माणूस आपल्यालाही काही विचारत असतो, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

चार तारखेला मी कंपनीत गेले. दारापाशी दोनदा माघारी वळले, तिसऱ्यांदा आत गेले. आपले नाव सांगितले, भेंडीचे सांगितले, पावडरीचेही सांगितले. एवढे सलग मी आजवर कोणाशीच बोलले नव्हते. राजवर्धन यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“अहो, मग सोपंच झालं की!” ते म्हणाले. “या वर्षी पाच किलो लिहा. पुढच्या वर्षी शून्य. शंभर टक्के घट. वीसपैकी वीस. सवलत एक वर्ष वाढवून घेऊ. सोपानरावांनी बरोबरच केलं.”

तात्या, आपण जे केलेत ते त्या तक्त्याच्या दृष्टीने खरोखर बरोबर होते. तक्ता आपणांस माझ्यापेक्षा चांगला समजला होता. मग चूक कोणाची, आणि कशाची? सहा दिवस हाच विचार करते आहे आणि अजून टोक सापडलेले नाही.

मी एवढेच विचारले, “अकरावा रकाना कोरा असणारे आणखी कोणी आहेत का?” त्यांनी कपाटातून गेल्या वर्षीच्या तक्त्यांचा गठ्ठा काढला. एक एक तक्ता बाजूला ठेवत गेले. नऊ निघाले. नवव्यावर त्यांचा हात थांबला. “मला वाटायचं, लोक भरायचा कंटाळा करतात,” असे ते हळूच म्हणाले.  मग त्यांनी आपल्या तक्त्यावर पेन्सिलीने लिहिले: ‘प्रत्यक्ष भेट द्यावी.’ शुक्रवारी, चौदा तारखेला ते गुऱ्हाळावर येणार आहेत. यादीचे काय होईल, ते त्यांनाही ठाऊक नाही. वरचे साहेब कॉम्प्युटरचे ऐकतात, असे म्हणाले.

अकराव्या रकान्यात काय लिहावे हे आपण विचारलेत. या वेळी उदाहरण देत नाही. मला जे खरे वाटते ते एका कागदावर लिहून सोबत जोडले आहे. त्यावरील मजकूर असा:

‘रसायनांचा वापर: कधीच नाही. त्याऐवजी रानभेंडीचा रस. तो जयवंता सोपान करतात. अपवाद: दि. २८ डिसेंबर ते २२ जानेवारी, पाच किलो. त्या काळातील गूळ विक्रीस पाठवला नाही. कारण: मुलाखत घेणाऱ्या विद्यार्थिनीने पत्रात दिलेले उदाहरण.’

खाली माझी सही केली आहे. आपल्या सहीची जागा शेजारी सोडली आहे. हा मजकूर लिहिलात तर कॉम्प्युटर बहुधा पुन्हा शून्यच देईल. पाच किलो एवढेच लिहिलेत तर पुढच्या वर्षी वीस मिळतील, आणि तेही खोटे नसेल. गुऱ्हाळ आपले आहे. कागद ठेवावा की फाडावा, हे आपण ठरवावे. हाच मजकूर माझ्या प्रबंधातही गेला आहे, ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली. आणि आपली सर्व पत्रे परिशिष्टात आहेत, कारण आपण नंबर काढून टाकायला सांगितलेत. काकू, आपले पत्र मी जोडलेले नाही. ते आपणांस विचारल्याशिवाय जोडता येणार नाही.

सातवी मुलाखत बाद झाली. अकरा उरल्या. इंदिरा मॅडमनी परिशिष्ट उभ्या उभ्या वाचले, शेवटच्या पानाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, “वीस तारखेपर्यंत थांबते मी. बारावं माणूस कुठून आणणार आहेस?”

बारावे माणूस त्या पहिल्या दिवशी गुऱ्हाळावर माझ्यासमोरच होते. चुलीपाशी बसून भेंडीची खोडे ठेचत होते. मी त्यांच्या हातचा चहा दोन वेळा घेतला, त्यांनी बांधलेली भेली पिशवीत टाकली आणि यंत्र त्यांच्याकडे पाठ करून ठेवले. ध्वनिमुद्रणात ज्याला मी ‘भांड्यांचा आवाज’ असे लिहिले आहे, तो भेंडी ठेचण्याचा आवाज होता, हे मला काकूंचे पत्र वाचून पुन्हा ऐकल्यावर कळले.

काकू, साहेब यायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी सकाळच्या गाडीने येते आहे. या वेळी प्रश्नावली आणणार नाही. आपण ठेचत बसावे, मला एखादे खोड द्यावे, आणि वाटेल ते सांगावे. मधे मला काही विचारावेसे वाटले तर जरूर विचारावे. मी उत्तर देईन.

महाविद्यालयाची खिडकी पाचला बंद होते. सगळ्यांचे प्रबंध आत गेले आहेत; माझा पिशवीत आहे. मी टपाल कचेरीच्या रांगेत उभी राहून या शेवटच्या ओळी लिहिते आहे आणि माझ्यापुढे आता एकच माणूस उरला आहे.

आपली,
वल्लरी

रवाना: सोमवार, दि. १० फेब्रुवारी २०२५, दुपारी ४ वाजून ४२ मिनिटे.